एकोणीस तारखेचा थेंब

"आजोबा, एकोणीस तारखेच्या दुसऱ्या शिफ्टचा थेंब कुठे गेला?"

हे मी माइकवर विचारलं. महोत्सवाच्या रंगीत तालमीत, दोनशे माणसांसमोर. हातातल्या कार्डावर वेगळाच प्रश्न होता: भट्टीसमोरचा तुमचा पहिला दिवस कसा होता. तो मी घरी चार वेळा विचारून झाला होता आणि आजोबांनी चारही वेळा तेच उत्तर दिलं होतं, त्याच जागी थांबून, त्याच जागी हसून. त्यामुळे माझ्या मैत्रिणीने, टाचणीने, पैज लावली तेव्हा मला वाटलं, चला, तालमीत जरा जान येईल. "एवढी भोंगा म्हणवून घेतेस ना, मग कार्डावर नसलेलं काहीतरी विचारून दाखव," असं टाचणी म्हणाली होती. काय विचारायचं ते मात्र आमच्यातल्या तिसरीने, किल्लीने, सुचवलं होतं. बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता.

मला वाटलं होतं, आजोबा म्हणतील, अगं बत्तीस वर्षं झाली, फुटला असेल कुठेतरी. लोक हसतील, मी पैज जिंकेन, टाचणी आठवडाभर माझं दप्तर उचलेल.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग परत काढला. माइक इतका चांगला होता की त्यांचा श्वास कर्ण्यातून सगळ्या मैदानावर ऐकू येत होता. पहिल्या रांगेतल्या आमच्या शाळेच्या बाईंनी वही मिटली. तेवढ्यात बाबा विंगेतून आले. बाबा महोत्सव समितीचे कार्यवाह, त्यामुळे स्टेजवर येणं-जाणं त्यांना नवीन नव्हतं, पण असे झपाझप चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला माइक धरला. ओढला नाही. मी सोडेपर्यंत नुसता धरून ठेवला. मग लोकांना म्हणाले, वेळ कमी आहे, पुढचं घेऊ या.

आता थेंब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गळक्या नळाबद्दल बोलतेय.

आमच्या गावात काचेचा कारखाना होता. बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या काचा. त्याची भट्टी सव्वीस वर्षं सलग पेटलेली होती, कारण काचेची भट्टी मध्येच विझवून चालत नाही. आतली काच थिजली की भट्टी तडकते आणि कायमची जाते. म्हणून दिवसरात्र तीन शिफ्ट. प्रत्येक शिफ्टचा एक भट्टीमिस्त्री. शिफ्ट संपताना तो सळईने थोडी काच उचलायचा, लोखंडी पाट्यावर सोडायचा आणि ती मऊ आहे तोवर वर आपला शिक्का दाबायचा. लिंबाएवढा गोळा, खालून चपटा. हा थेंब. तो नितळ असेल तर भट्टी ठणठणीत. आत दोरे दिसले तर समजायचं, भट्टी गार पडत चाललीय. पुढच्या मिस्त्रीने आधी थेंब उजेडात धरून बघायचा, मगच भट्टी ताब्यात घ्यायची. सगळे थेंब भिंतीवरच्या कपाटात, एका तारखेचे तीन कप्पे. महिना संपला की ते परत भट्टीत. शेवटच्या महिन्याचे तेवढे उरले, कारण टाकायला भट्टीच उरली नव्हती.

ते कपाट यंदा महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवलंय. आम्ही तिघींनीच ते पुसून काढलं. एकोणीस तारखेचा पहिला थेंब नितळ. तिसरा भयंकर, दोऱ्यांनी आणि बुडबुड्यांनी भरलेला, वर तडा. मधला कप्पा रिकामा.

आणि ही तारीख आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्याआधीचं गाव कसं होतं ते मीच तर संहितेतून वाचणार होते. दोन सिनेमाघरं, तीन फोटो स्टुडिओ. वेगवान गाड्या फक्त आमच्यासाठी थांबायच्या, बाटल्यांच्या पेट्या चढवायला. लोक घड्याळं कारखान्याच्या भोंग्यावर लावायचे आणि भोंगा चुकला तर घड्याळाला नावं ठेवायचे. तीनशे घरांच्या चुली त्या एका भट्टीवर पेटत होत्या. मग एकोणीस तारीख आली. तिसऱ्या शिफ्टचा मिस्त्री झोपला, भट्टी विझली, गाव विझलं. संहितेत हेच होतं. त्या मिस्त्रीला लोक अजून विझव्या म्हणतात. तो स्टेशनच्या रस्त्यावर कुलपं दुरुस्त करतो आणि चाव्या बनवतो.

किल्ली त्याची नात. म्हणून तर ती किल्ली.

एक कबूल करते. 'मिस्त्रीला डुलकी लागली' हे वाक्य तालमीत वाचताना मी माइकवर घोरून दाखवलं होतं. संहितेत नव्हतं, माझी भर. मैदान खदाखदा हसलं. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही माझा घसा सुकायचा. मग क्रीडादिनाला आमच्या सरांचा आवाज बसला, माइक माझ्या हातात आला आणि मला कळलं की आपल्या तोंडून बाहेर पडलेलं चारशे जण ऐकतात. त्या दिवसापासून मी भोंगा. हसवायची तर मला चटकच लागली होती. किल्ली मागच्या रांगेत होती. तीही हसली. म्हणजे तिचे दात दिसले, एवढं मी पाहिलं.

तालीम संपल्यावर बाबा मला घेऊन घरी निघाले, माझ्या चार पावलं पुढे. आजोबांना त्यांनी आधीच पुढे पाठवलं होतं. घरी आले तर माझ्या टेबलावरचे सगळे कागद जमिनीवर. पंखा चालू होता आणि निबंधाची पानं कपाटाखालपर्यंत पोचली होती. मी ती गोळा केली, टेबलावर ठेवली, आणि त्यावर ठेवायला हात पुढे केला तर हाताला काही लागलं नाही.

माझं पेपरवेट नव्हतं.

हिरवट काचेचा गोळा. मी पहिलीत असल्यापासून माझ्या टेबलावर आहे. त्याच्या आत बारीक बारीक केस अडकल्यासारखे दिसतात, आणि लहानपणी मला वाटायचं, एखादी परी आत राहते आणि तिला टक्कल पडत चाललंय. वर पाखराच्या पायासारखी खूण. तीन रेघा, एका जागी जुळलेल्या. कारखान्याची एखादी वस्तू आमच्या गावात प्रत्येक घरी असते, त्यामुळे मी कधी विचारलंही नव्हतं कुठून आलं.

कपाट पुसताना दुसऱ्या शिफ्टच्या सगळ्या थेंबांवर मी तीच खूण पाहिली होती. पाखराचा पाय, पाखराचा पाय, पाखराचा पाय. मनात आलंही होतं की हे कुठेतरी बघितलंय. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू तिच्या जागेवरून हलली की मगच दिसते.

दुसऱ्या शिफ्टचे भट्टीमिस्त्री माझे आजोबा होते.

मी आईला विचारलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, मगाशी आजोबा तुझ्या खोलीत काहीतरी शोधत होते, मला वाटलं टाचण्या हव्यात. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं, काय झालं. मी काही नाही म्हटलं. परवा सकाळी दहा वाजता कारखान्याच्या जुन्या आवारात नवी छोटी भट्टी पेटणार होती. बाहेरगावचे काच कारागीर येऊन राहिले होते, बंद पडलेल्या दुकानांची शटरं आम्ही मुलांनी रंगवली होती, आणि भट्टी पेटवायचा मान आजोबांचा होता. शेवटच्या उत्तम थेंबाचे मिस्त्री म्हणून. पत्रिकेत तसंच छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी किल्लीच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही तिसरीपासून एका बाकावर बसतो, पण ती मला कधी दुकानात बोलवायची नाही आणि मीही कधी गेले नव्हते. का, ते कोणी सांगायची गरज नव्हती.

दुकान म्हणजे एका माणसाच्या रुंदीची बोळ. भिंतीवर कोऱ्या चाव्यांच्या माळा. म्हातारबाबा शिकंज्यात चावी धरून कानस चालवत होते. किल्लीने सांगितलं, आबा, ही ती. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, ओळखलं, आवाजावरून. मी तोवर तोंडही उघडलं नव्हतं.

"तुझा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "कोपऱ्यावर कर्णा लावलाय, इथवर स्पष्ट येतो. घोरणंही आलं."

मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. मी म्हटलं, आबा, चुकले. त्यांनी कानशीला फुंकर मारली. चावी कुलपात घालून बघितली, अडली, परत शिकंज्यात धरली. मग मी विचारलं, तुम्ही आलात तेव्हा मधला थेंब कप्प्यात होता का.

होता, म्हणाले. उजेडात धरून बघितला. दोरेच दोरे. नियम असा की तसा थेंब दिसला तर भट्टी ताब्यात घ्यायची नाही, मोठ्या साहेबांना उठवायचं. पण ज्यांचा थेंब होता त्यांनीच आबांना सळई धरायला शिकवलं होतं. हाताला धरून. त्यांचा थेंब नाकारायचा म्हणजे सगळ्या गावासमोर त्यांना खाली बघायला लावायचं. म्हणून ते काही बोलले नाहीत. वाटलं, सकाळपर्यंत आपण ओढून नेऊ वर. रात्रभर इंधन लोटलं. गार भट्टीला एकदम ताव दिला आणि पहाटे छत तडकलं.

"झोपलो नव्हतो," आबा म्हणाले. "आयुष्यात इतका जागा कधी नव्हतो."

"मग हे सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं की. सगळे कपाटाकडे बघायला आले. कप्पा रिकामा."

त्यांनी एकदाही आजोबांचं नाव घेतलं नाही. चावी या वेळी फिरली. ते गिऱ्हाइकाला हाक मारायला बाहेर गेले तेव्हा किल्ली मला हळूच म्हणाली की आबा बत्तीस वर्षांत कारखान्याच्या गल्लीत गेलेले नाहीत, दवाखान्यात जायचं तरी तळ्याकडून लांबचा फेरा मारतात. आणि म्हणाली, "मी तुला पैजेत ढकललं. रागावली असशील तर राग. पण उद्या ते वाक्य तू परत वाचलंस ना, तर मी त्या बाकावर बसणार नाही."

मी रागावले नव्हते. मला फक्त कळत नव्हतं की मी घरी जाऊन कुणाच्या डोळ्यांत कसं बघणार आहे.

घरी आले तर आजोबा मागच्या अंगणात केरसुणीचा दांडा मशालीसारखा धरून उभे होते. उद्याचा सराव. बाबा समोर उभे राहून सांगत होते, इथून चार पावलं, मग वाका, मग लोक टाळ्या वाजवतील, मग सरळ व्हा. मी म्हटलं, माझं पेपरवेट द्या.

बाबा म्हणाले, हे काय नवीन, आधी अभ्यास कर. आजोबांनी मात्र दांडा भिंतीला टेकवला, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तो तसाच आत ठेवला. खिसा जड होऊन एका बाजूला लोंबत होता. मला वाटतं तो गोळा तालमीनंतर सारखा तिथेच होता.

मग त्यांनी सांगितलं. खाली दगडावर बसून, माझ्याकडे न बघता, भट्टीसमोरचा पहिला दिवस सांगतात त्याच्या निम्म्या आवाजात.

त्यांचे डोळे जात होते. वर्षानुवर्षं भट्टीच्या तोंडात बघणाऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू लवकर पडतो, त्यांच्या आधीच्या दोन मिस्त्रींना त्याच कारणाने घरी बसवलं होतं. म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ज्वाला ते आवाजावरून ओळखायचे, ताव गालावर जोखायचे. आणि डोळ्यांवर पडदा आल्यावर सगळंच पांढरं दिसतं, भट्टीही. त्या दिवशी इंधनाची एक नळी तुंबली होती. ज्वाला पिवळी पडलेली कोणालाही दिसली असती. त्यांना पांढरी दिसली. त्यांनी थेंब उचलला, शिक्का मारला, कप्प्यात ठेवला आणि शीळ घालत घरी आले.

"सकाळी सगळं गाव तिथे जमलं होतं," आजोबा म्हणाले. "हा माझ्याबरोबर होता. तेरा वर्षांचा. याने कपाटातून थेंब उचलला आणि म्हणाला, बाबा, याच्यात केस अडकलेत."

बाबा वळून दोरीवरचे कपडे काढायला लागले. ओले होते, तरी काढत होते.

"तेव्हा मला कळलं," आजोबा म्हणाले. "मी याच्या हातातून घेतला आणि खिशात टाकला. याला म्हटलं, गप्प बस. तो बसला."

मी काय बोलायचं ते ठरवून आले होते. चांगली तीन-चार जळजळीत वाक्यं. एकही आठवेना. मी एवढंच म्हटलं की आबांना कर्णा ऐकू येतो.

आजोबांनी मान हलवली. कोणाला होकार दिला, कळलं नाही. ते उठले, खिसा हाताने धरून आत गेले आणि त्यांच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला. आमच्या घरात दिवसाढवळ्या कोणी कडी लावत नाही.

मग बाबा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओले कपडे छातीशी धरून शांतपणे बोलले. म्हणाले, ते शहात्तर वर्षांचे आहेत. म्हणाले, उद्या बाहेरची माणसं येणार, इतक्या वर्षांनी गावात पहिल्यांदा काहीतरी उभं राहतंय, आणि तू ते एका काचेच्या तुकड्यावर आपटणार आहेस. म्हणाले, जे लिहिलंय ते वाचायचं, घोरण्याशिवाय, आणि जमत नसेल तर आत्ता सांग, टाचणीचं पाठांतर चांगलं आहे.

"टाचणीला काय सांगाल?" मी विचारलं. "मी का वाचत नाही म्हणून?"

"घसा बसला म्हणून."

म्हणजे परत गप्प बस. फक्त या वेळी तेरा वर्षांच्या पोराच्या जागी मी. ते मी मोठ्याने म्हटलं नाही, पण बाबांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनी ऐकलं. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तिलाही हे आत्ताच कळत होतं. ती बाबांकडे बघत राहिली, मग पुढे होऊन तिने त्यांच्या हातातले ओले कपडे घेतले आणि परत दोरीवर घातले, एकेक झटकून.

जेवणं झाली की नाही मला आठवत नाही. आजोबांची कडी निघाली नाही. मी संहिता समोर घेऊन बसले आणि ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की त्यातले शब्द नुसते काळे किडे झाले. एकदा वाटलं, बाबांचं बरोबर आहे, आजोबा कोसळतील. एकदा वाटलं, आबा बत्तीस वर्षं उभे राहिले ते कोणाच्या आधारावर. एकदा तर चक्क वाटलं, खरंच घसा बसला तर किती बरं होईल. मी खाकरून पाहिलं. आवाज खणखणीत होता, मेला.

सकाळी जाग आली ती पंख्याच्या आवाजाने. पंखा चालू होता आणि कागद उडत नव्हते.

संहिता टेबलावर होती, त्या पानावर उघडलेली. आणि त्या ओळीवर, बरोब्बर मधोमध, माझं पेपरवेट. खिडकीतून ऊन येऊन आतले केस उजळले होते आणि त्यांच्या बारीक सावल्या 'डुलकी' या शब्दावर पडल्या होत्या. मी त्याला हात लावला. अजून कोमट होतं, कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखं.

मी बाहेर आले. आजोबा पुढच्या दारात खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, पायात बूट. दहा वाजायला अजून तीन तास होते. खिसा सपाट होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा तो जाड चष्मा नाकावर नीट बसवला, एवढंच. मला विचारायचं होतं, नक्की ना. नाही विचारलं. काही प्रश्न माइकशिवायही विचारता येत नाहीत.

बाबा स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होते, आई त्यांच्या समितीच्या बिल्ल्याला पिन लावत होती. दोघांचं लक्ष आधी माझ्या चेहऱ्याकडे गेलं आणि मग माझ्या हातातल्या हिरव्या गोळ्याकडे. बाबांनी कप खाली ठेवला.

मी गोळा दोन्ही हातांनी धरला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आज माइकवर मीच आहे. झोपल्याची ओळ मी वाचणार नाही. हा थेंब आधी त्याच्या कप्प्यात जाईल, मग भट्टी पेटेल, आणि तो कुणाचा ते आजोबा सांगतील. त्यांना नाही जमलं तर मी सांगेन, त्यांचा हात धरून. आणि आत्ता मी चाललेय किल्लीच्या दुकानात, आबांना घेऊन यायला. ते नाही आले, तर बाबा, तुम्ही एवढं करा, कोपऱ्यावरच्या कर्ण्याचा आवाज मोठा ठेवा."